गियर अडकला? गाडी मागे ढकलू नका!

मंडळी, जुन्या गाडीचा गियर अडकला की आपण आधी काय करतो? आजूबाजूच्या दोघातिघांना हाक मारतो आणि गाडी पुढे-मागे हलवून बघतो. नुसता गिअरबॉक्स असेल तर ते खपून जातं. पण त्याच्या मागे कुणी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड-गियर, बसवला असेल, तर गाडी पुढेच ढकलायची. मागे ढकलायची नाही आणि रिव्हर्स तर मुळीच टाकायचा नाही.

1961 च्या आधी, पोर्तुगीज काळात, गोव्यातल्या मुरगाव बंदरात परदेशी गाड्या थेट उतरत होत्या. त्यातल्या काही अजून फोंड्या-मडगावच्या घरांतून सांभाळलेल्या आहेत. काटेकोर हिशेबाने विंटेज म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीची गाडी, पण आपण पंचावन्न सालच्या गाडीलाही विंटेजच म्हणतो, त्यावरून मी वाद घालणार नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांना तीनच गियर. हायवेला लागलं की इंजिन ओरडायला लागतं, मग मालक बाहेरून ओव्हरड्राइव्ह मागवतो. जास्त करून सापडतो तो शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचा, एडगर डी नॉर्मनविल यांच्या डिझाइनचा. 1940 च्या दशकाच्या शेवटी स्टँडर्ड व्हॅनगार्डला तो मिळायला लागला. ती व्हॅनगार्ड पुढे आपल्याकडे मद्रासलाही जोडली जात होती. ओव्हरड्राइव्ह लागला की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतात.

माझं मत विचाराल तर गोव्यात त्याचा उपयोग बेताचाच. फोंडा ते पणजी जाताना तो लावणार कधी आणि काढणार कधी? वर्षातून एकदा अनमोड घाट चढून बेळगावकडे गेलात तर सपाटीवर तो सुख देतो. एरवी तो पडून असतो, तेलाचा गाळ बारीक छिद्रात बसतो, आणि अडकण्याची सुरुवात तिथेच होते.

मागे का ढकलायची नाही, ते सांगतो. आत एक सन गियर आहे, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट गियर, आणि त्यांच्या बाहेर दातांची मोठी रिंग. ओव्हरड्राइव्ह लागतो तेव्हा तेलाच्या दाबाने कोन क्लच, म्हणजे शंकूच्या आकाराचा क्लच, बाहेरच्या ब्रेक रिंगवर दाबला जातो आणि सन गियर जागेवर बांधला जातो. त्याशिवाय रोलरचा एकतर्फी क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पुढे जाताना तो मोकळा सुटतो. मागे जाताना रोलर घट्ट बसतात, आणि सन गियर तर आधीच बांधलेला. दोन्ही बाजूंनी कोंडी. त्यात इंजिनाचा जोर लावलात तर काहीतरी मोडणारच, आणि जे मोडेल ते पणजीच्या बाजारात मिळणार नाही.

याच गुणावर परीक्षाही होते. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, हाताने हलकेच पुढे ढकला. पुढे गेली, पण मागे यायला जरासुद्धा तयार नाही, तर ओव्हरड्राइव्ह अडकलाय. तिथेच थांबा. कुठेच हलत नसेल तर एकाच वेळी दोन गियर लागलेत, किंवा पावसाळ्यात ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटलेत. मागची चाकं जॅकवर घेतली, घोड्या लावल्या की ते कळतं. दोन्हीकडे मोकळी चालते, पण इंजिन चालू असताना गियर खरखरतो आणि बंद असताना मुकाट पडतो? मग गिअरबॉक्स उघडूच नका. क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरून बसलीय. जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी गणपतीला बाहेर काढली की हमखास हेच.

स्टिअरिंगखाली गियरचा दांडा असलेल्या गाड्यांत आणखी एक गंमत. कॉलमच्या तळाशी दोन छोटे लिव्हर एकावर एक असतात, एक फर्स्ट-रिव्हर्सचा आणि दुसरा सेकंड-टॉपचा. बुश झिजले की दांडा मधेच दोघांत अडकतो. बॉनेट उघडा, हात खाली घाला, दोन्ही लिव्हर एका रेषेत आणा. खट् आवाज येतो आणि दांडा मोकळा. यासाठी गिअरबॉक्स उतरवून घेतलेले लोक मी पाहिलेत.

आता ओव्हरड्राइव्हच अडकला असेल तर आधी वीज बघा. सोलेनॉइडची, म्हणजे ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या खटक्याची, वायर काढा. त्याने तो सुटला तर दोष स्विचचा, रिलेचा किंवा गियरवरच्या इनहिबिटर स्विचचा, म्हणजे खालच्या गियरमध्ये ओव्हरड्राइव्ह लागू न देणाऱ्या स्विचचा. नाही सुटला तर तेलाचा दाब सोडणाऱ्या ऑपरेटिंग व्हॉल्व्हकडे वळा. त्यातलं छिद्र इतकं बारीक असतं की गाळाच्या एका कणाने बुजतं, मग दाब उतरतच नाही. व्हॉल्व्ह काढण्याआधी इंजिन बंद ठेवून सोलेनॉइड दहा-बारा वेळा चालू-बंद करा, कारण आत चौरस इंचाला 400 पौंडांच्या आसपास दाब असू शकतो. छिद्र हवेने साफ करा, सुईने मोठं करू नका. तरीही नाही, तर कोनच चिकटलाय. खालून ब्रेक रिंगवर चामड्याच्या हातोडीने चार नेमके ठोके द्या. लोखंडी हातोडी नको. आणि तेलात घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह कुणी कितीही आग्रह केला तरी घालू नका. कोन क्लच घर्षणावरच तर धरतो.

रस्त्यावर हे सगळं जमणार नाही, टोचन लागेलच. इथेच लोक फसतात. गाडी टोचनच्या ट्रकच्या फळीवर पुढून चढते खरी, पण उतरवताना ती मागेच यायला हवी. म्हणून चढवण्याआधीच खाली शिरून प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचे, मागच्या फ्लँजचे नट-बोल्ट काढा, फ्लँजवर खडूने खूण करा, शाफ्ट दोरीने वर बांधा. मग गाडी हवी तशी ढकला.