बुसियातले गणवेश

केनियाच्या पश्चिमेला, युगांडाच्या सीमेला टेकलेला हा बुसिया परिसर. मक्याची शेतं, पायवाटा आणि सकाळी शाळेकडे निघालेली मुलं. त्यांच्या अंगावरचे गणवेश नीट बघा. १९९०च्या दशकात इथल्या कितीतरी मुलांची शाळा या कापडापाशीच अडायची. गणवेश साधारण ६ डॉलरचा आणि देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला ३४० डॉलरच्या आसपास. घरात चार मुलं असली की शाळेत कुणाला धाडायचं आणि शेतावर कुणाला ठेवायचं, हे आईबापांना ठरवावं लागे.

अशा मुलांचं शिक्षण दूरदेशीच्या चर्चने आपल्या अंगावर घ्यायचं, ही रीत जुनी आहे. एव्हरेट स्वानसन हे अमेरिकी धर्मोपदेशक युद्धकाळात दक्षिण कोरियात सैनिकांसमोर प्रवचनं द्यायला गेले आणि रस्त्यावरची अनाथ मुलं पाहून हेलावले. मायदेशी येऊन त्यांनी चर्चमधल्या लोकांना साकडं घातलं: एकेक मूल सांभाळा. त्यातून १९५२ साली उभी राहिलेली संस्था म्हणजे कम्पॅशन इंटरनॅशनल. ती आजही त्या त्या गावातल्या चर्चमार्फत काम करते.

याने मुलांचं खरंच भलं होतं का? अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी सहा देशांत, दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती घेऊन हे तपासलं. केनिया त्यात होता, भारतही होता. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: असं पालकत्व लाभलेली, म्हणजे दूरच्या दात्याने खर्च उचललेली मुलं एक ते दीड वर्ष जास्त शिकली. ज्या घरात आधी कुणी माध्यमिक शाळेची पायरी चढलेलं नाही, तिथे हे वर्ष फार मोठं असतं.

तरीही एक गोष्ट मला टोचते. चर्चमधल्या फलकावर एका मुलाचा फोटो लागतो, त्याला पत्रं येतात, वाढदिवसाला भेट येते. त्याच बाकावर शेजारी बसणाऱ्याचं काय? माया खरी असते, पण गावात तिची वाटणी सगळ्यांना दिसते.

बुसियात काम करणाऱ्या आयसीएस या डच ख्रिस्ती संस्थेने मदत एकेका मुलाला न देता शाळेला द्यायचं ठरवलं. अर्थतज्ज्ञ मायकल क्रेमर तरुणपणी केनियात शिक्षक होते. त्यांनी सुचवलं, जेवढ्या शाळांना मदत देता येईल त्याच्या दुप्पट शाळा निवडा आणि मदत कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. १४ शाळांपैकी ७ शाळांना गणवेश, पुस्तकं आणि वर्गखोल्या मिळाल्या. पाच वर्षांनी तिथल्या मुलांचं शिक्षण उरलेल्या शाळांतल्या मुलांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त झालेलं होतं. शेजारच्या गावांतली मुलंही धावली आणि वर्ग दीडपट भरले. आईबापांनी ही दाटी पत्करली, कारण गणवेशाचा भार उतरला होता. आता कळतं, अडचण कुठे होती ते.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नव्हती: पोटातले जंत. मुलं अशक्त होत, शाळा बुडे. १९९८पासून आयसीएसने ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंताच्या गोळ्या दिल्या. अर्थतज्ज्ञ एडवर्ड मिगेल आणि क्रेमर यांच्या अभ्यासात गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटलेली दिसली. संसर्गच कमी झाल्यामुळे गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला. त्या निष्कर्षांवर पुढे तज्ज्ञांत वाद झाले, ते व्हायलाच हवेत. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांच्यासह नोबेल मिळालं.

२००३ साली केनियाने प्राथमिक शाळांची फी रद्द केली, तेव्हा दहा लाखांहून अधिक नवी मुलं शाळेत आली. गणवेश मात्र घरच्यांनाच घ्यावा लागत होता. म्हणून कुठल्याही चर्चने पैसे पाठवण्याआधी तिथल्या मुख्याध्यापकांना एवढं विचारावं: गेल्या वर्षी कोण कोण शाळा सोडून गेलं, आणि कशामुळे?