एक स्टेशन पुढे

[दृश्य: शोनहाउझर आले स्टेशन. लाल-पिवळी लोकल फलाटाला लागते.]

बर्लिनची लोकल. इकडे तिला एस-बान म्हणतात. शोनहाउझर आलेला चढलात तर नीट टेकेपर्यंत पुढचं स्टेशन येतं, गेझुंडब्रुनेन.

१२ ऑगस्ट १९६१ च्या संध्याकाळी या गाडीत एक तरुण जोडपं बसलं होतं. चढले ते स्टेशन पूर्व बर्लिनचं, उतरायचं ते पश्चिमेचं. त्यांचा चार महिन्यांचा मुलगा न्यूमोनियाने गेला होता. शहराबाहेरच्या डालगो गावात त्याला मूठमाती द्यायची होती, आणि त्याआधीच आईबाप निघून आले होते.

बाप होता बोहदान स्ताशिन्स्की, केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचा मारेकरी. आई इंगे पोल. ती लोकांचे केस कापायची.

[दृश्य: म्युनिक, कार्ल्सप्लात्झ. गर्दी, ट्राम. मग एक जिना.]

युक्रेनमधल्या ल्विव्हजवळच्या खेड्यातला स्ताशिन्स्की १९५० मध्ये विनातिकीट प्रवास करताना पकडला गेला. घरच्यांचा ओढा युक्रेनच्या सोव्हिएतविरोधी बंडखोरांकडे होता, ते पोलिसांना ठाऊक होतं. आमच्यासाठी काम कर, नाहीतर घरच्यांचं काय होईल ते बघ. एका तिकिटावरून सुरू झालेली ही नोकरी. पुढे त्याला जर्मन शिकवलं, योझेफ लेहमान हे नाव दिलं आणि पूर्व जर्मनीत आणून ठेवलं.

हत्यार हातात आलं १९५७ मध्ये. बोटाएवढी जाड, वीतभर लांबीची धातूची नळी. आत काचेची कुपी, कुपीत सायनाइडचा द्राव. चाप ओढला की छोटा स्फोट, कुपीचा चुरा, आणि द्रावाची वाफ समोरच्याच्या तोंडावर. रक्तवाहिन्या आकसतात, माणूस कोसळतो, नंतर त्या पुन्हा सैल पडतात. डॉक्टर बघतो तेव्हा झटक्याने गेला असं वाटतं. झाडणाऱ्याच्या नाकात वाफ गेली तर? त्यासाठी आधी एक गोळी घ्यायची, नंतर एक कुपी फोडून हुंगायची. आधी हे बर्लिनबाहेरच्या रानात एका कुत्र्यावर करून पाहिलं.

१२ ऑक्टोबर १९५७. कार्ल्सप्लात्झ ८ च्या जिन्यावरून सोव्हिएतविरोधी युक्रेनी पत्रकार लेव्ह रेबेट वर चढत होते. वरून एक तरुण उतरत होता, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. दोघे समोरासमोर आले. नळी वर्तमानपत्रात होती.

[दृश्य: म्युनिकच्या होफगार्टन बागेलगतचा ओढा. पाणी, पूल.]

ती नळी त्याने इथे टाकली. ओढा अजून वाहतो. रेबेट हृदयविकाराने गेले अशी नोंद झाली. खून झालाय हेच कुणाला कळलं नाही.

[दृश्य: म्युनिक, क्राइटमायरश्ट्रासे ७. बंद दार. कुलपाचा क्लोज-अप.]

दुसरं नाव होतं स्तेपान बांदेरा. युक्रेनच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेचा नेता. याच संघटनेच्या लोकांचे हात ज्यूंच्या आणि पोलिश लोकांच्या रक्ताने माखलेले होते. तो हिशेब वेगळ्या माहितीपटाचा. इथे आपण फक्त दारापाशी थांबू.

मे १९५९ मध्ये स्ताशिन्स्की इथवर आला होता. बांदेरा गॅरेजमध्ये, पाठमोरा. हात धजला नाही. हत्यार त्याने त्याच ओढ्यात टाकलं आणि वरिष्ठांना काहीतरी थाप मारली. ऑक्टोबरात पुन्हा पाठवलं. या दाराला त्याने वेगवेगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या होत्या आणि एकीचा तुकडा कुलपातच मोडून राहिला होता. हा तुकडा लक्षात ठेवा.

१५ तारखेला बांदेरा टोमॅटोची पिशवी घेऊन आले. किल्ली कुलपात अडकली, एका हाताने ते ती ओढत होते. जिन्यावरून उतरलेला तरुण बुटाची नाडी बांधायला वाकला, उठला, कुलपाबद्दल सहज विचारल्यासारखं केलं. या वेळी नळी दुहेरी होती. शवविच्छेदनात सायनाइड सापडलं.

काही दिवसांनी बर्लिनच्या एका चित्रपटगृहात त्याने वृत्तचित्रात बांदेरांची अंत्ययात्रा पाहिली. पत्नी, मुलं, शवपेटी. तेव्हापासून मन थाऱ्यावर राहिलं नाही, असं त्याने पुढे न्यायालयात सांगितलं.

[दृश्य: डालगो. रेल्वे स्टेशन, बैठी घरं, बागांची कुंपणं.]

आता इंगे. हेरांच्या गोष्टीत बाई येते ती आमिष म्हणून, नाहीतर डोळे पुसायला. या प्रकरणातही तिला बरेचदा तेवढीच जागा मिळाली. आम्हाला ते पटत नाही.

ती डालगोची. नोकरी पश्चिम बर्लिनमध्ये, म्हणजे रोज हद्द ओलांडायची. १९५७ च्या वसंतात एका नाचाच्या संध्याकाळी तिला योझेफ लेहमान भेटला. खरं नाव तिला माहीत नव्हतं. केजीबीने त्याला सांगितलं, काही पैसे दे आणि मोकळा हो. डिसेंबर १९५९ मध्ये केजीबीप्रमुख शेलेपिन यांनी त्याला मॉस्कोत पदक दिलं, तेव्हा त्याने लग्नाची परवानगी मागितली. शेलेपिननी समजावलं, सोव्हिएत मुलगी बघ. तो हटला नाही. शेवटी हो म्हणाले.

त्याच नाताळात त्याने इंगेला सगळं सांगितलं. दोन्ही खून. तिने तिथल्या तिथे एकच मार्ग काढला, पश्चिमेला पळू या. त्याला धीर झाला नाही.

एप्रिल १९६० मध्ये लग्न, मग मॉस्को. घराच्या भिंतीत मायक्रोफोन सापडला. ती गरोदर राहिली तर मूल नको म्हणून दबाव आला. तिने ऐकलं नाही. बाळंतपणाला डालगोला आली, नवऱ्याला मात्र मॉस्कोत अडकवून ठेवलं. माणसं मारणाऱ्याच्या मागावर आता त्याचेच लोक होते. पत्रांत दोघांनी ठरवलेले सांकेतिक शब्द असायचे.

मुलगा गेला तेव्हा केजीबीला आधी वाटलं, यात पश्चिमेकडच्यांचा काही डाव आहे. तरी त्याला विमानाने आणलं, पहारेकऱ्यासकट.

[दृश्य: कुंपणाकडेची वाट. हातातला कॅमेरा, चालण्याच्या वेगाने. निवेदन सावकाश.]

१२ तारखेच्या दुपारी गावात गाड्या उभ्या होत्या, नजर घरावर होती. दोघे आडबाजूने निघाले, झुडपांच्या आडून. सोबत इंगेचा धाकटा भाऊ. पाचेक किलोमीटर चालून फाल्केनजे. तिथून भावाला परत पाठवलं आणि टॅक्सी केली. पूर्व बर्लिनच्या हद्दीवर ओळखपत्र तपासलं, लेहमान नावाचं. गाडी सोडली. मग ही लोकल.

[दृश्य: कार्ल्सरूह, न्यायालयाची इमारत.]

पश्चिमेला पोहोचून त्याने अमेरिकनांना सगळं सांगितलं. त्यांना आधी खरं वाटेना. कुलपातला किल्लीचा तुकडा जबाबाशी जुळला. ऑक्टोबर १९६२ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. खरे खुनी हुकूम देणारे, हा केवळ साथीदार, असं न्यायालय म्हणालं, आणि पुढे नाझी आरोपींनीही हा निवाडा ढालीसारखा पुढे केला. इंगेने १९६४ मध्ये घटस्फोट घेतला. १९६६ च्या अखेरीस तो सुटला.

[दृश्य: गाडीच्या खिडकीतून गेझुंडब्रुनेनचा फलाट. दारं उघडतात. मूळ आवाज तसाच.]

दोघे इथे उतरले. मध्यरात्रीनंतर काही तासांतच सैनिकांनी हद्दीवर काटेरी तार ओढायला सुरुवात केली, बर्लिनच्या भिंतीची ही सुरुवात. शोनहाउझर आले ते गेझुंडब्रुनेन ही गाडी बंद झाली, ती पुन्हा सुरू झाली सप्टेंबर २००१ मध्ये.