गाडी विकली, नाव राहिलं

(दृश्य: सिव्हिल लाइन्स, जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची गर्दी. झेरॉक्स मशीनचा आवाज.)

आधार, रेशनकार्ड, पासबुक. आपली माहिती सरकारला द्यायची तर नागपूरकर आजही असा रांगेत उभा राहतो. पण एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्यात परस्पर जाते, तेव्हा तो तिथे नसतो.

'लाडकी बहीण' योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. कुटुंबाकडे ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल, तर मिळत नाहीत. मग वाहनांच्या नोंदी अर्जांशी ताडून पाहिल्या गेल्या आणि अंगणवाडी सेविका पडताळणीला दारात आल्या.

ताडून पाहणं वाटतं तितकं सरळ नाही. आधार आलं २०१० मध्ये. त्याआधीच्या गाडीच्या नोंदीत तो क्रमांक कुठून असणार? मग नाव आणि पत्ता जुळवायचा. इंग्रजीत वासनिक एकीकडे डब्ल्यूने, दुसरीकडे व्हीने. लग्नानंतर बदललेलं नाव तर वेगळंच. एकाच नावाच्या दोघी निघाल्या, की एकीची गाडी दुसरीच्या माथी.

(दृश्य: एमएच ३१ पाटीची जुनी कार.)

सगळ्यात जास्त घोळ विकलेल्या गाडीचा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं असतं. अनेक जण पैसे घेतात, किल्ली देतात, विसरून जातात. नोंदीत मालक तेच राहतात. त्या फॉर्मची पोच जपून ठेवा.

खरं तर योजनेला हवं असतं एवढंच: या कुटुंबाकडे चारचाकी आहे की नाही? 'हो' किंवा 'नाही' पुरे. आधारची पडताळणी मुळात अशीच बेतलेली आहे. पण अख्खी यादी पाठवणं सोपं, आणि यादीबरोबर मोबाइल, पत्ता, चेसिस नंबरही जाऊ शकतो. एकदा पेन ड्राइव्हवर उतरली, की ती कुणी पाहिली याची नोंद कुठेच नाही.

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. नऊ न्यायमूर्तींत आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने मात्र सरकारी लाभांसाठी, ठरावीक अटींवर, नव्याने संमती न घेता माहिती वापरायची मुभा दिली आहे.

(दृश्य: तहसीलची खिडकी.)

नाव कापलं गेलं, तर आधी कारण लेखी मागा: कोणत्या खात्याची नोंद, कोणता वाहन क्रमांक. गाडी तुमची नसेल, तर दुरुस्ती योजनेच्या खिडकीवर होत नाही; त्यासाठी आरटीओच गाठावं लागतं.