कॅप टिकेल हो, पण समोरची दाढ?

श्रोतेहो, नमस्कार.

रूट कॅनॉल झालं की डॉक्टर दाढेवर कॅप बसवायला सांगतात, आणि मग पेशंटचा पहिला प्रश्न असतो, "जास्त टिकणारी कुठली?" झिरकॉनियाची, म्हणजे पांढऱ्या, फार कठीण सिरॅमिकची घेतली तर बरेचदा सोबत दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्डही मिळतं. ते घडी घालून रेशन कार्डाच्या पिशवीत जातं आणि माणूस निर्धास्त होतो. पण हमी असते ती कॅपची. त्या कॅपवर रोज चावणारी समोरची दाढ तुमची स्वतःची आहे आणि तिचं कार्ड कुणी देत नाही.

निपाणीकडच्या एक मावशी तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, लई घट्ट बसलीया बघा कॅप. सुपारी फोडली तरी कायबी हुईना." मी म्हटलं, "कॅपला नाही व्हायचं, मावशी. खालच्या दाढेला गार पाणी लागतंय का?" मावशी जरा थांबल्या. "लागतंय की हो. पण ती दाढ तर चांगली हुती."

ती चांगलीच होती. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. वजनानं जवळजवळ 96 टक्के खनिजच. दाढेच्या टोकांवर त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात, त्यामुळे एकदा झिजलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. दातावर दात घासून थोडी झीज सगळ्यांचीच होते. दाढा जिथं एकमेकींना टेकतात तिथं वर्षाला साधारण 30 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्या जाडीहूनही कमी. या गतीनं गेलं तर इनॅमल जन्मभर पुरतं. समोर खरखरीत सिरॅमिक आलं की हा हिशेब बिघडतो.

आता कुणालाही वाटेल, जेवढी कॅप कठीण तेवढी ती समोरच्या दाताला वाईट. बरीच वर्षं दंतवैद्यांनाही तसंच वाटत होतं. विकर्स मापावर इनॅमलची कठीणता 300 ते 350च्या आसपास, झिरकॉनियाची 1200च्या वर. म्हणजे चौपटीच्या घरात. मग झिरकॉनियासमोर दाढेचा भुगाच व्हायला हवा. प्रयोगशाळेत चावण्याची नक्कल करणारी यंत्रं असतात. साधारण पाच किलोच्या भारानं ती लाखो वेळा चावून दाखवतात. त्यांवर पाहिलं तर नीट पॉलिश केलेल्या झिरकॉनियासमोर इनॅमलची झीज जुन्या पद्धतीच्या पोर्सिलेनच्या कॅपपेक्षा कमी निघाली. पोर्सिलेन मात्र झिरकॉनियाहून कितीतरी मऊ!

याचं कारण बेळगावच्या उद्यमबागेत, तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड हार्ड क्रोमचा असतो आणि सील रबराचा, तरी सील वर्षानुवर्षं टिकतो, कारण रॉडला आरशासारखं फिनिश असतं. त्याच रॉडवर चरा पडला की सील गेलाच म्हणून समजा. तोंडातही असंच चालतं. पोर्सिलेन म्हणजे मुळात काच आणि तिच्यात विखुरलेले स्फटिक. चावताना काचेचे बारीक टवके उडतात, स्फटिकांच्या कडा उघड्या पडतात आणि उडालेली भुकटी दोन दातांच्या मध्ये सापडून दोन्हीकडे घासत राहते. झिरकॉनियाचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले. म्हणून एकदा आणलेली चकाकी तो लवकर सोडत नाही. लिथियम डायसिलिकेट नावाच्या काचेसारख्या सिरॅमिकची कॅप दिसायला सुंदर, कठीणतेत ती या दोघांच्या मध्ये बसते. आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात अजून सोन्याची कॅप दिसते. समोरच्या दाताला जपण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण सोन्याचा भाव बघता तो विषय आपण इथंच सोडू.

घोळ होतो तो पॉलिशमध्ये. लॅबमधून कॅप येते तेव्हा झगझगीत दिसते, पण ती चकाकी पुष्कळदा ग्लेझची असते, म्हणजे भट्टीत चढवलेल्या काचेच्या पातळ थराची. चावून चावून तो थर काही महिन्यांत निघून जातो. खालचा पृष्ठभाग आधी घासून गुळगुळीत केलेला नसेल, तर त्यानंतर समोरच्या दाढेला कानसच भेटते.

दुसरी जागा आमच्या खुर्चीतली. कॅप बसवताना डॉक्टर निळा कागद दातांत धरून "चावा" म्हणतात. ठिपका गडद उमटला की तिथं कॅप उंच आहे. मग हिऱ्याच्या कणांची 'बर', म्हणजे यंत्राचं घासणारं फिरतं टोक, फिरवून तेवढा भाग उतरवतात. हे करावंच लागतं. पण त्या बरनं जे ओरखडे पडले ते तसेच ठेवून पेशंटला घरी पाठवलं, तर लॅबनं केलेली सगळी मेहनत पाण्यात. त्यानंतर जाड, मध्यम, बारीक असे रबर क्रमानं फिरवायचे आणि शेवटी डायमंड पेस्ट लावायची. याला थोडा वेळ लागतो. बाहेर बाकावर आठ माणसं खोळंबलेली असली की हाच वेळ वाचवला जातो, हे आमच्या धंद्यातलं मी उघडच सांगतो. तेव्हा खुर्चीतून उठण्याआधी विचारा, "डॉक्टर, घासलेल्या जागी पॉलिश केलं का?" कुणाला राग येणार नाही. आला तर येऊ द्या.

तपासायचं साधन तुमच्याजवळच आहे. जिभेच्या टोकाला अर्ध्या मायक्रॉनचा खरखरीतपणासुद्धा कळतो. कॅपवर जीभ फिरवा आणि मग शेजारच्या दातावर फिरवा. कॅप खरखरीत लागली तर दाखवून घ्या. कॅप काढावी लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, तोंडातल्या तोंडात पुन्हा पॉलिश करता येतं. समोरच्या दाढेवर सपाट, चकचकीत चट्टा दिसला किंवा मधोमध पिवळा ठिपका उघडा पडला असेल, तर मात्र फार दिवस काढू नका. पिवळं म्हणजे आतलं डेंटिन. ते इनॅमलहून मऊ, त्यामुळे पुढची झीज भराभर होते.

आपल्या भागापुरतं एक सांगतो. मिश्री लावणाऱ्या बायका गावोगावी आहेत. तिच्यातल्या तंबाखूचे तोटे वेगळेच, पण ती भुकटी रोज दातांवर रगडली की झीज होणारच. चिंच, लिंबू, कोल्ड्रिंक यांच्या आंबटपणानं इनॅमल काही वेळ मऊ पडतं. कॅपला त्याचं काही होत नाही, म्हणजे दोघांच्या भांडणात दाढ आणखी दुबळी. आंबट खाल्ल्यावर चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासानं करा. दाताला फ्लोराइडची जेल लावून घेणार असाल, तर तोंडात सिरॅमिकची कॅप आहे हे आधी सांगा. आम्लयुक्त जेलनं सिरॅमिकची चकाकी जाते, साधी सोडियम फ्लोराइडची चालते.

राहिले झोपेत दात खाणारे. शेजारी झोपणाऱ्याला आवाज जातो, त्यांना स्वतःला पत्ताच नसतो. सकाळी जबडा दुखतो, कानशिलं जड होतात, एवढंच. अशा माणसानं कॅप निवडण्याआधीच डॉक्टरांना हे सांगावं. रात्री दातांवर घालायची पट्टी त्याच्या मापानं करून मिळते. झिजायचं ते ती पट्टी झिजते. दर तपासणीला ती खिशात घालून घेऊन या, तिच्यावर उमटलेल्या खुणा बघून कुठला दात कुठं घासतोय ते आम्हाला लगेच कळतं.

नमस्कार.