मधल्या बोअरचा हिशेब

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोरच्या टेबलावर जी तीन काडतुसे दिसत आहेत ती शिसवी लाकडाची आहेत, मापात कातून घेतलेली. तेव्हा पहिल्या रांगेतल्या मंडळींनी निर्धास्त बसावे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, आणि ते योग्यच झाले. तरीही जुन्या घराण्यांच्या रायफली वारसाहक्काने मुंबईच्या फ्लॅटमधल्या कपाटांत येऊन पडल्या आहेत, कुणाचे आप्त आफ्रिकेत राहून तिथल्या कायद्याप्रमाणे शिकार करतात, आणि मग मला हमखास विचारले जाते की ‘यातली मोठी कुठली?’ माझ्या मते हा प्रश्नच उलट्या टोकाने विचारलेला आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण बोलताना सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो; पण पितळी कवच, दारू, बुडाचा प्राइमर आणि टोकाचे शिसे मिळून होते ते काडतूस, आणि नळीतून उडून जाते ती गोळी. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाची रुंदी; मधले बोअर म्हणजे ढोबळमानाने ०.३३ ते ०.४० इंच व्यासाच्या गोळीचे. काडतुसांच्या नावातला टिंबाचा आकडा हे ढोबळमानाने हेच इंचातले माप. त्याखाली .२७५ आणि .३०-०६ येतात, वर .४१६, .४७० अशी जड मंडळी.

या मधल्या घरातली दोन नावे शंभर वर्षांनंतरही टिकून आहेत. बर्लिनचे बंदूककार ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये ९.३×६२ हे काडतूस (व्यास ९.३, कवचाची लांबी ६२ मिलिमीटर) काढले, ते साध्या माउझर रायफलीत बसावे म्हणून. त्यामुळे आफ्रिकेतल्या जर्मन शेतमळेवाल्यांना ते परवडले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम, म्हणजे जादा दारूचे जोरकस काडतूस, आणले. टेबलावरचे सर्वांत लांब काडतूस तेच. त्याची पूर्ण लांबी सुमारे ९१ मिलिमीटर असल्यामुळे त्याला लांब अॅक्शनची (काडतूस भरणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रणेची), म्हणजे महाग रायफल लागते. त्याचे कवच निमुळते आहे, ते शोभेसाठी नव्हे. त्या काळची कॉर्डाइट दारू उष्ण प्रदेशात तापली की नळीतला दाब वाढे आणि रिकामे कवच चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या घराला, घट्ट धरून बसे. समोर जखमी जनावर असताना कवच बाहेर न निघणे म्हणजे काय, हे सांगायला नको. निमुळते कवच मात्र सहज सुटते.

आता आकडे. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगाने निघते, ९.३ ची २८६ ग्रेनची गोळी सुमारे २,३५० फूट वेगाने. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. गोळी किती खोल शिरेल याचा अंदाज घ्यायला पौंडातल्या वजनाला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागतात; दोन्ही गोळ्यांचे उत्तर ०.३०५ येते. गंमत अशी की सात मिलिमीटरच्या जुन्या १७५ ग्रेनच्या गोळीचेही उत्तर जवळपास तेवढेच, ०.३१ येते. म्हणजे आत शिरण्याच्या बाबतीत बारीक गोळी फारशी मागे नाही. मधले बोअर जास्तीचे देते ते रुंद छिद्र आणि वजनाचा जोर. इथे कुणीतरी स्कॉटिश शिकारी बेल यांचे नाव काढतोच, की त्यांनी सात मिलिमीटरने शेकडो हत्ती पाडले. पाडले, हे खरे. पण पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी नेमकी मेंदूत घालण्याइतके हत्तीच्या कवटीचे ज्ञान त्यांना होते. ते ज्ञान रायफलीबरोबर विकत मिळत नाही.

गोळीची घडण हा भाग मात्र बोअरच्या आकड्याहूनही महत्त्वाचा आहे, आणि दुकानात नेमका तोच कुणी विचारत नाही. जॉन नॉस्लर नावाचे अमेरिकन गृहस्थ १९४६ मध्ये कॅनडात मूस या प्रचंड सांबरावर .३०० मॅग्नम झाडत होते. जनावराच्या अंगावर चिखलाचा थर वाळलेला होता, आणि वेगवान गोळ्या आतवर शिरण्याआधीच फुटून गेल्या. काडतुसाच्या शक्तीत काही कमी नव्हते, कमी होती ती गोळीत. त्यांनी मग तांब्याच्या आवरणात मध्येच आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून पुढे जातो. ही ‘पार्टिशन’ गोळी १९४८ मध्ये बाजारात आली आणि आजही विकली जाते.

राहता राहिला खांदा. .३७५ चा धक्का .३०-०६ च्या जवळपास दुप्पट असतो. माझे एक परिचित नामिबियात नोकरीला आहेत. त्यांना शेजारच्या मळेवाल्याने एलंडच्या शिकारीला बोलावले, तेव्हा त्यांनी फोन करून विचारले, ‘.३७५ उसनी घेऊ ना?’ एलंड म्हणजे नऊशे किलोपर्यंत जाणारे हरणकुळातले धूड, वजनात आपल्या गव्याच्या पंक्तीला बसणारे. तिथल्या नियमाप्रमाणे एलंडला २,७०० जूल ऊर्जा पुरते आणि रानम्हशीला ५,४०० लागते, ९.३ देते सुमारे ४,८००. म्हणजे म्हैस असती तर .३७५ घ्यावीच लागली असती. मी म्हटले, आधी दोन्ही रायफली झाडून पाहा, आणि मळेवाल्याला सांगा की मधेच एक पोकळ, म्हणजे बार न होणारे, काडतूस गुपचूप भरा. .३७५ चा चाप ओढला, बार झालाच नाही, पण नळी वीतभर खाली गेली. म्हणजे धक्का येण्याआधीच अंग आखडले होते. ९.३ ला ती जवळपास हललीच नाही.

एलंडला त्यांनी ९.३ नेली. सत्तर पावलांवरून, खांद्यामागे, एकच बार. गोळी पलीकडच्या कातडीखाली मिळाली. तिने छातीची पूर्ण रुंदी ओलांडली होती आणि पुढचे टोक छत्रीसारखे उलगडले होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्यांनी मला फोटो पाठवला: मूळच्या साडेअठरा ग्रॅमपैकी सोळा ग्रॅम शिल्लक होते.