पोर्टाचा स्पीड वेगळा, लायनीचा वेगळा

[पडद्यावर: फर्मागुडीची चढण, धो धो पाऊस, मग घराच्या मागच्या खोलीतलं एक कपाट]

फोंड्याच्या बाजूला फर्मागुडीच्या टेकडीखाली एक घर आहे, त्याच्या मागच्या खोलीत हे कपाट, आणि यात आत एक पिवळा बल्ब कायम लागलेला असतो. गोव्यातल्या माणसाला हे सांगायला नको, जून ते सप्टेंबर बल्ब लावला नाही तर चपलेपासून कॅमेऱ्याच्या लेन्सपर्यंत सगळ्याला बुरशी धरते. फक्त या कपाटात चपला नाहीत, सन कंपनीचं एक स्पार्कस्टेशन, म्हणजे युनिक्स चालवणारं वर्कस्टेशन, आहे, फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारे दोन एक्स्टर्नल मोडेम आहेत आणि २५ पिनांच्या केबल्सचा असा गुंता आहे की सोडवायला बसलात तर चवथ येईल.

हे ज्यांचं आहे त्यांना आपण भाई म्हणूया, वाड्यावर सगळे तेच म्हणतात. नव्वदच्या दशकात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरची मशीन सांभाळायचं काम केलेले, आता रिटायर. आज ते आपल्याला दाखवणार आहेत ती एकदम बोअरिंग वाटणारी गोष्ट, म्हणजे सीरियल पोर्टाचा, कॉम्प्युटरला मोडेमची केबल लावायच्या जागेचा, स्पीड कसा सेट करायचा. पण थांबा, लगेच पुढे ढकलू नका.

[पडद्यावर: मोडेमचे लाल दिवे जवळून]

मोडेम म्हटलं की लोकांना तो आवाजच आठवतो, टींऽऽ आणि मग खर्रर्र. त्यातला पहिला लांब सूर २१०० हर्ट्झचा, तो उत्तर देणारा मोडेम काढतो, आणि मध्ये मध्ये त्या सुराची फेज उलटी होते म्हणजे टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेतले प्रतिध्वनी खोडणारे एको कॅन्सलर बंद पडतात. मग व्ही-३४ या स्टँडर्डचे मोडेम असतील तर ते १५० पासून ३७५० हर्ट्झपर्यंतचे सूर एकदम सोडून लाइन तपासतात, कुठला सूर नीट पोचतो, कुठला दबतो, आणि त्यावरून दोघं मिळून ठरवतात की आज किती वेगाने बोलायचं. हे सगळं त्यांचं आपसातलं. कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नाही, आणि खरं तर कळायची गरजही नाही.

गोंधळ इथूनच सुरू होतो. स्पीड दोन असतात. एक मोडेम ते मोडेम, फोनच्या तारेवरचा. दुसरा कॉम्प्युटर ते मोडेम, टेबलावरच्या त्या दोन हात लांब केबलवरचा. लोक काय करायचे, मोडेम घेतला १४४०० चा, म्हणजे सेकंदाला १४४०० बिटांचा, की युनिक्समध्ये १४४०० शोधत बसायचे, आणि तो तिथे नसतोच! भाईंच्या भाषेत, "अरे बाबा, लायनीचा स्पीड पोर्टाला कशाला सांगतोस, त्याचो संबंद ना."

आता तो का नसतो, ही मजा ऐका. युनिक्स वाढलं पीडीपी-११ या मशीनवर, आणि त्याला टर्मिनल, म्हणजे माणसाने टाइप करायचं यंत्र, जोडायला डीएच-११ नावाचं कार्ड असायचं. त्या कार्डात स्पीडसाठी चार बिट होते. चार बिट म्हणजे सोळा पर्याय, बस्स. ०, ५०, ७५, ११०, १३४.५, १५०, २००, ३००, ६००, १२००, १८००, २४००, ४८००, ९६०० आणि शेवटी दोन रिकाम्या जागा, एक्स्टर्नल ए आणि एक्स्टर्नल बी. ११० हा टेलिटाइपचा, १३४.५ हा आयबीएमच्या २७४१ टर्मिनलचा. कार्ड म्युझियममध्ये गेलं पण ही यादी जशीच्या तशी युनिक्सच्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामना लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइलमध्ये, राहिली, आणि पुढे त्या दोन रिकाम्या जागांना १९२०० आणि ३८४०० असे अर्थ चिकटले. संपली यादी. १४४०० ला जागा नाही, २८८०० ला नाही, ५७६०० ला पण नाही, तो नंतर जादा बिट घालून आला.

आणि तो शून्य आहे ना, तो उगाच नाही. स्पीड शून्य सेट केला की पोर्ट डीटीआर नावाची तार खाली पाडतो, मोडेम नीट सेट केलेला असेल तर तो त्यावर फोन ठेवून देतो. म्हणजे फोन कट करायची कमांड म्हणून स्पीड शून्य. मला विचाराल तर त्या अख्ख्या यादीतली सगळ्यात हुशार नोंद हीच.

[पडद्यावर: रायबंदरचा धक्का, चोडणची फेरीबोट लागतेय, गाड्या उभ्या]

मग जोडणी कशी करायची? रायबंदरच्या धक्क्यावर जाऊन उभे राहा, कळेल. रस्त्यावरून गाड्या येतात त्या आपल्या स्पीडने येतात, फेरीबोट आपल्या स्पीडने जाते. रस्ता फेरीपेक्षा हळू असला तर फेरी अर्धी रिकामी जाणार. म्हणून रस्ता मोठाच पाहिजे, फक्त धक्का भरला की कुणीतरी हात दाखवून गाड्या थांबवायला हव्यात. केबलवर तो हात दाखवणारा म्हणजे सीटीएस ही तार. मोडेमच्या आतला बफर, म्हणजे अक्षरं साठवायची जागा, भरत आला की तो सीटीएस खाली करतो आणि कॉम्प्युटर थांबतो, जागा झाली की परत चालू. उलट्या बाजूने कॉम्प्युटरला दम खायचा असला तर त्याच्याकडे आरटीएस आहे. याला हार्डवेअर फ्लो कंट्रोल म्हणतात.

तर नियम असा की पोर्टाचा स्पीड लायनीपेक्षा वर ठेवायचा आणि तिथेच लॉक करायचा. किती वर? व्ही-४२बिस नावाचं कॉम्प्रेशन साध्या टेक्स्टला चांगल्यात चांगलं चौपट दाबतं, म्हणजे १४४०० च्या लायनीला पोर्ट ५७६०० पर्यंत लागू शकतो, २८८०० च्या लायनीला ११५२००. प्रत्यक्षात चौपट क्वचितच मिळतं, झिप केलेली फाइल पाठवली तर काहीच दाबलं जात नाही, त्यामुळे १४४०० च्या मोडेमला ३८४०० आरामात पुरायचा.

आणि पुरायलाच पाहिजे होता, कारण या स्पार्कस्टेशनकडे दुसरा मार्ग नव्हता. याच्या आत सीरियलसाठी झायलॉग ८५३० नावाची चिप आहे, तिला घड्याळ मिळतं ४.९१५२ मेगाहर्ट्झचं. त्याला आधी ३२ ने भागायचं, येतात १५३६००, मग याला परत पूर्ण आकड्याने भागून जो येईल तो स्पीड. ४ ने भागा, ३८४००. २ ने भागा, ७६८००. ५७६०० पाहिजे तर २.६७ ने भागायला लागेल, आणि चिपला अपूर्णांक येत नाही, विषय संपला. इकडे साध्या पीसीचं घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचं, त्याला १६ ने भागा, बरोबर ११५२००, अर्धे केले की ५७६००. म्हणजे लाखाच्या वर्कस्टेशनला जे जमत नव्हतं ते कोपऱ्यावरच्या असेंबल्ड पीसीला जमायचं, यावर त्या काळी किती टोमणे मारले गेले असतील कल्पना करा.

[पडद्यावर: काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, भाई टाइप करतायत]

कागदावर हे ठीक, आता खरं बघूया. भाई मोडेम जोडतायत पोर्ट बी ला. ए ला का नाही? कारण कीबोर्ड नसेल तर सनचं मशीन पोर्ट ए लाच आपला कन्सोल, म्हणजे मशीन सांभाळायचं मुख्य टर्मिनल, मानतं, ९६०० वर, आणि कन्सोलवर ब्रेक नावाचा थांबण्याचा सिग्नल आला की मशीन सगळं काम जागच्या जागी थांबवून ओके असा प्रॉम्प्ट देऊन बसतं. कल्पना करा, मोडेम तिथे लावलाय आणि वीज गेली म्हणून मोडेम बंद पडला. तेवढ्या खळबळीचा ब्रेक समजून अख्खं मशीन थांबू शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते ते मी सांगत नाही.

सोलॅरिस या सनच्या युनिक्समध्ये एकाच पोर्टाला दोन नावं असतात. टर्म-बी उघडलं तर ते कॅरिअर येईपर्यंत, म्हणजे समोरून कुणी फोन करून जोडला जाईपर्यंत थांबून राहतं, हे बाहेरून येणाऱ्या कॉलसाठी. क्युआ-बी उघडलं तर ते कशासाठीच थांबत नाही, हे आपण बाहेर डायल करायला. नवशिके टर्म-बी वर डायल करायला जायचे आणि स्क्रीन हँग झाली म्हणून ओरडायचे, हँग काही झालेलं नसायचं, ते बिचारं कॅरिअरची वाट बघत असायचं. आयरिक्स या सिलिकॉन ग्राफिक्सच्या युनिक्सवर तर एका पोर्टाची तीन नावं, त्यातलं एक खास हार्डवेअर फ्लो कंट्रोलचं.

मग एसटीटीवाय या पोर्ट सेट करायच्या कमांडने ३८४०० आणि सीआरटीएससीटीएस, म्हणजे सीटीएसचा तो हात पाळायचं सेटिंग. इथे एक खोच आहे, सोलॅरिस पोर्ट बंद झाला की हे सगळं विसरतं. म्हणून नुसतं एकदा टाइप करून भागत नाही, टीटीवायडेफ्स फाइलमध्ये लिहावं लागतं, म्हणजे लॉगिन देणारा प्रोग्राम पोर्ट उघडताना दर वेळी तेच लावतो.

आता मोडेम. मोडेमला कुणी सांगत नाही की पोर्ट ३८४०० वर आहे. तुम्ही ए आणि टी ही दोन अक्षरं पाठवता, त्यांच्या बिटांच्या रुंदीवरून तो स्वतः ओळखतो. म्हणूनच प्रत्येक कमांड एटीने सुरू होते, आणि दोन्ही अक्षरं एक तर कॅपिटल नाही तर दोन्ही स्मॉल, एक मोठं एक छोटं चालत नाही. शेवटच्या एटीला जो स्पीड होता तोच मोडेम धरून बसतो, आणि हीच सगळ्यात जास्त लोकांना रडवणारी जागा. तुम्ही दुपारी २४०० वर टर्मिनल लावून मोडेमशी खेळलात, संध्याकाळी बाहेरून फोन आला, मोडेम पोर्टावर २४०० ने बोलतोय आणि युनिक्स ३८४०० ने ऐकतंय, स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणून मोडेमचं सेटिंग करायचं तर त्याच स्पीडवर बसून करायचं ज्यावर तो पुढे राहणार आहे, आणि मग एटी अँपरसँड डब्ल्यू देऊन त्याच्या मेमरीत लिहून टाकायचं. यूएस रोबॉटिक्सच्या मोडेमला अँपरसँड बी वन दिलं की पोर्ट लॉक, रॉकवेल चिपवाल्यांना फ्लो कंट्रोलसाठी अँपरसँड के थ्री.

लॉक करायची सोय नसलेले जुने मोडेम होते त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. लाइन २४०० वर जुळली तर ते पोर्टाला पण २४०० वर ओढायचे. मग युनिक्सला त्यांच्या मागे धावायला लागायचं, आणि ते कसं धावायचं? समोरचा माणूस कचरा बघून ब्रेक की दाबायचा, गेटी नावाचा लॉगिन देणारा प्रोग्राम आपल्या टेबलातला पुढचा स्पीड लावायचा, परत ब्रेक, परत पुढचा, ९६००, २४००, १२००, ३००, आणि फिरून पहिला. लॉगिन हा शब्द वाचता येईपर्यंत दाबत राहा. येडेपणा वाटतो पण चालायचा.

[पडद्यावर: स्क्रीनवर एरर मेसेज, लाल वर्तुळ]

हा बघा, सायलो ओव्हरफ्लो, म्हणजे चिपमधली अक्षरं ठेवायची जागा भरून सांडली. भाई मुद्दाम दाखवतायत. ३८४०० वर एका अक्षराला स्टार्ट स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ३८४० अक्षरं, दर अक्षराला साधारण २६० मायक्रोसेकंद. झायलॉग चिपच्या पोटात जागा किती, तर तीन अक्षरांची. प्रोसेसर एक मिलिसेकंद दुसरीकडे रमला की अक्षर गेलं, आणि इथे फ्लो कंट्रोल पण वाचवत नाही, कारण तो हात दाखवायचं काम ड्रायव्हर, म्हणजे चिप सांभाळणारा प्रोग्राम, करतो आणि ड्रायव्हरलाच उशीर झालेला असतो. पीसीत नंतर १६५५०ए चिप आली, तिला सोळा अक्षरांची जागा होती, म्हणून लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचे.

भारतात हे सगळं कुठे लागायचं? १९८६ ला सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कमध्ये मुंबईचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र होतं, आयआयटी होत्या, सुरुवातीची ईमेल अशीच फोन लावून एका युनिक्सवरून दुसऱ्यावर जायची. मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं, आणि विद्यार्थ्यांचं स्वस्त अकाउंट म्हणजे नुसतं टेक्स्ट, समोर युनिक्सचा शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा. आपल्या पिढीतल्या कित्येकांनी युनिक्स पहिल्यांदा बघितलं ते मोडेमच्या दुसऱ्या टोकाला.

[पडद्यावर: छोटा ईपीएबीएक्स, दोन मोडेम, दोन खोल्या]

फोनची जुनी तांब्याची तार भाईंकडे आता नाही, फायबर आलाय. म्हणून त्यांनी हॉटेलात असतो तसला छोटा ईपीएबीएक्स मांडलाय, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कॉल. पहिल्यांदा मोडेम म्हणतो नो डायलटोन. बरोबर आहे, तो अमेरिकन कानाचा, त्याला ३५० आणि ४४० हर्ट्झची जोडी ऐकायची सवय, आपल्याकडचा डायलटोन ४०० चा, २५ ने थरथरणारा, आणि ईपीएबीएक्सचा आणखी तिसराच. एटीएक्स थ्री दिलं की तो टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरवतो. लागला! कनेक्ट ३१२००. ५६ के का नाही असं कुणी तरी कमेंटमध्ये विचारणारच, तर ५६ के साठी एक टोक थेट डिजिटल लागतं, दोन साधे मोडेम समोरासमोर ठेवले तर ३३६०० च्या वर जातच नाहीत.

फायबरच्या डब्याला मागे फोनचं भोक असतं, तिथूनही करून बघितलं. व्ही-३४ लागतो आणि थोड्या वेळात तुटतो, कारण आवाज आता पॅकेटमधून जातो आणि मध्येच एखादं पॅकेट मागेपुढे झालं की मोडेमचा ताल चुकतो. भाईंनी मोडेमलाच सांगितलं की व्ही-३२बिस या जुन्या स्टँडर्डच्या वर जाऊ नकोस, १४४०० वर ये. तिकडे पोर्ट ३८४०० वरच, त्याला हात लावला नाही, आणि लाइन टिकली.

तुमच्या माळ्यावर असा मोडेम पडला असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी सांगा, आणि त्याचा मूळ अडॅप्टर मात्र सोबत ठेवा, यातल्या बऱ्याच मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही, आणि तो बाजारात पटकन मिळत नाही.