आडनाव शोधायचंय? मग तहसिलीत आजोबांचं नाव घेऊन जा

नमस्कार मंडळी.

आपलं आडनाव कुठून आलं, हे शोधायला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी सुरुवात केलेली असते. सुट्टीत गावी गेलो की तहसील कचेरीत एक चक्कर होते, तिथे "या आडनावाची नोंद नाही" असं ऐकायला मिळतं आणि विषय तिथेच थांबतो. मला आज मुख्यतः याच उत्तराबद्दल बोलायचंय. ते उत्तर खरं असतं, पण त्यावरून नोंदच नाही असं समजू नका. खेड्यातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्यांत आडनाव बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा एक कायदा १८८६ सालीच झाला होता, पण त्यात सक्ती नव्हती. खेड्यात प्रत्यक्ष नोंद व्हायची ती गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्यात. कोतवाल किंवा पोलीस पाटील घरोघरची बातमी ठेवायचे आणि वहीत उतरवायचे. आज या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, रुमालात बांधलेल्या सापडतात. पानं इतकी ठिसूळ झालेली असतात की उलटताना दोन्ही हात लावावे लागतात.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसायचं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असायची. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', तारीख, बापाचं नाव, जात. बापाचं नाव कसं? 'धोंडू बिन भिवा', म्हणजे भिवाचा मुलगा धोंडू. वऱ्हाडात गेलात तर 'बिन'च्या जागी 'वल्द' दिसेल. एवढ्यावर माणूस ओळखला जायचा, कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते. म्हणून कचेरीत जाताना वडील, आजोबा आणि पणजोबा अशी तीन नावं ओळीनं लिहून न्या, सोबत अंदाजे साल आणि वाडीचं नाव. आजोबांच्या भावंडांची नावं मिळाली तर फारच छान. एकाच 'धोंडू बिन भिवा'च्या नावावर दोन-तीन वर्षांच्या अंतरानं चार जन्म सापडले आणि ते आपल्या घरच्या भावंडांशी जुळले, की घर तेच हे नक्की होतं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्या मुलाची नोंद आजोळच्या गावच्या वहीत असते! आमच्या घरी हेच झालं. थोरल्या काकांचा जन्म आमच्या गावात कुठेच मिळेना. शेवटी आजीच्या माहेरी, शेजारच्या तालुक्यात, तो मिळाला. आणि त्या वहीत आजोबांच्या नावापुढे आमच्या गावाचं नाव 'कर' लावून लिहिलेलं होतं. आमच्या स्वतःच्या गावच्या वहीत मात्र आजोबा, पणजोबा दोघेही बिनआडनावाचे. साहजिकच आहे. सगळं गावच त्या गावचं, तिथे एकट्या आजोबांना 'कर' कोण लावणार? ते पान पाहिलं तेव्हा मला फार भरून आलं. आज माझ्या पासपोर्टवर असलेलं आडनाव आमच्या घरात पहिल्यांदा लिहिलेलं मला दिसलं, ते आजीच्या माहेरच्या माणसाच्या हातचं.

वहीनंतर शाळा. गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर जरूर पाहा. अनेक घरांत आडनाव कायमचं ठरलं ते मुलाचं नाव शाळेत घालताना, मास्तरांनी विचारलं तेव्हा. एका भावाच्या नावापुढे 'पाटील' आणि दुसऱ्याच्या नावापुढे गावाचं नाव, असंही आढळतं. शाळेतल्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस १ जूनला असतो, हे या सभागृहातच हात वर करून पाहता येईल. आणि कुणी मोठेपणी आडनाव बदललं असेल, तर सरकारी राजपत्रातली जाहिरात शोधा.

मृत्यूच्या पानांना वेळ द्या. तिथे कारणाचा रकाना असतो: ताप, पटकी, देवी. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीतली पानं वाचवत नाहीत, एकेका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं.

जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. मराठवाडा निजामाकडे होता, तिथे उर्दूही भेटते. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत आणि २०२३ पासून त्यांना मागणीही आली आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत हे दप्तर उघडलं गेलं आणि पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. आरक्षणाबद्दल आपलं मत काहीही असो, इथे घरी बसून आपल्या गावची वही चाळता येण्याची सोय त्यातून झाली, ती वापरा. वहीत जात स्पष्ट लिहिलेली असते, म्हणून दुसऱ्या घराची नोंद हाती लागली तर ती त्यांनाच द्या, ग्रुपवर टाकू नका.

१९६९ चा कायदा १९७० पासून लागू झाला आणि नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी जन्मलेल्या आपल्या अनेक ज्येष्ठांनी व्हिसासाठी 'नोंद आढळत नाही' असा दाखला घेतलाय. माझी त्यांना विनंती आहे की त्या दाखल्यावर थांबू नका. तो दाखला कोणत्या गावासाठी मागितला होता, ते बघा. वडिलांच्या गावासाठी मागितला असेल आणि तुम्ही घरातले थोरले असाल, तर आजोळच्या तालुक्यात अजून एक अर्ज करायचा राहिलाय.